दर पावसाळ्यानंतर अडणारा जुना फिल्म कॅमेरा: कोकणातलं निदान आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. मे महिन्यात कॅमेरा छान चालत होता, पावसाळाभर कपाटात पडून राहिला, आणि गणपतीत किंवा दसऱ्याला बाहेर काढला तर काहीतरी अडलेलं. मिरर वर जाऊन तिथेच चिकटला. एका सेकंदाचं शटर दोन सेकंद घेतंय. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. किंवा रोल धुऊन आला तर प्रत्येक फ्रेमवर नारिंगी पट्टा. मुंबईला किंवा कोल्हापूरला नेऊन दुरुस्त करून आणावा, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे घडतं त्याची कारणं तीन: हवेतली आर्द्रता, वाऱ्याबरोबर येणारं मीठ, आणि कॅमेऱ्याच्या आतला चाळीस-पन्नास वर्षांचा फोम आणि ग्रीस. पहिल्या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता क्वचितच त्याखाली येते. म्हणजे मे महिन्यात बीचवर नेलेल्या कॅमेऱ्यावर उरलेला मिठाचा अदृश्य थर पावसाळ्यात खाऱ्या पाण्याचा थर होतो आणि स्क्रू, बॅटरीचे संपर्क, लेन्सची माउंट रिंग सावकाश खात बसतो. कॅमेरा त्या काळात समुद्राजवळ गेलेलाही नसतो.

इथे पेंटॅक्स के१०००, यशिका एफएक्स-३, निकॉन एफएम आणि एफएम२, कॅनन एई-१, ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआरटी १०१, झेनिट-ई अशा कॅमेऱ्यांचा विचार केला आहे. यातला एई-१ सोडला तर बाकीच्यांचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. के१००० ची बॅटरी काढून ठेवली तरी शटर एक सेकंदापासून १/१००० पर्यंत चालतं, बंद पडतो तो फक्त उजेड मोजणारा मीटर. या जुन्या कॅमेऱ्यांची खरी मजा हीच: बिघाड लपून राहत नाही. तो ऐकू येतो, बोटाला जाणवतो, आणि निगेटिव्हवर सही करून जातो.

आधी निगेटिव्ह वाचा

लॅबने पाठवलेल्या स्कॅनवरून निदान करू नका. स्कॅनर एक्स्पोजर आणि रंग आपोआप सावरून घेतो, त्यामुळे दोन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूकही झाकली जाते. फिल्मची पट्टी परत मागा आणि खिडकीसमोर धरा.

प्रकाशाची गळती असेल तर पहिला प्रश्न: डाग फ्रेमच्या बाहेर जातो का? दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेवर आणि स्प्रॉकेटच्या भोकांवरही पसरला असेल तर प्रकाश मागच्या दारातून आला. दोष सीलचा, म्हणजे दाराच्या कडेला प्रकाश अडवणाऱ्या फोमचा. डाग फ्रेमच्या चौकटीत नेमका थांबत असेल तर प्रकाश पुढून, म्हणजे शटरच्या पडद्यातून किंवा लेन्स माउंटकडून आला, आणि मागचा फोम कितीही बदलला तरी फरक पडणार नाही. रंगीत फिल्मवर रंगही साक्ष देतो. मागून आलेला प्रकाश फिल्मच्या बेसमधून शिरून लाल रंगाच्या थराला आधी भेटतो, म्हणून फोटोत पट्टा नारिंगी-लाल येतो.

फोटोची एक बाजू काळी आणि तीसुद्धा फक्त १/५०० किंवा १/१००० वर: शटरचा पहिला पडदा मंदावलाय आणि दुसरा त्याला गाठतोय. हीच काळी बाजू फक्त फ्लॅश लावल्यावर दिसत असेल तर बिघाड काहीच नाही, सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, चुकलाय. के१००० साठी तो १/६० आहे, झेनिट-ई साठी १/३०.

एफ/२ ला, म्हणजे लेन्स मोठी उघडून, काढलेले फोटो बरोबर, पण एफ/११ किंवा एफ/१६ चे निगेटिव्ह गरजेपेक्षा गडद? लेन्सच्या ॲपर्चरच्या (उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर तेल आलंय. पाती वेळेत बंद होत नाहीत, म्हणून जास्त प्रकाश आत जातो.

फिल्मच्या पूर्ण लांबीभर सरळ रेघ असेल तर फिल्म सपाट धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर किंवा कॅसेटच्या मखमली फटीत वाळूचा कण आहे. गुहागर-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रोल बदलला की हे हमखास.

आणि रोल पूर्ण कोरा आला तर कडेला छापलेले आकडे दिसतात का बघा. आकडे आहेत आणि फ्रेम नाहीत, म्हणजे फिल्म धुतली नीट गेली पण कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही, किंवा शटर उघडलंच नाही. आकडेही नाहीत, तर चूक धुण्यातली. न सरकणाऱ्या फिल्मवर उपाय फुकट आहे: रोल भरल्यावर रिवाइंड नॉब हलक्या हाताने रिवाइंडच्या दिशेने फिरवून ढिलेपणा काढा, मग फिल्म पुढे नेणारा लिव्हर ओढताना तो नॉब फिरतोय ना ते बघा. न फिरला तर दार उघडा आणि फिल्म पुन्हा अडकवा. एक-दोन फ्रेम जातील, छत्तीस जाणार नाहीत.

रिकाम्या कॅमेऱ्याची तपासणी

मागचं दार उघडा, लेन्स काढा, कॅमेरा उजेडाकडे धरा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम प्रति सेकंद निवडा आणि मागून शटर चित्रित करा. एका सेकंदाला शटर साधारण २४० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/३० ला ८, १/६० ला ४. त्यापुढे मोबाइलवर विश्वास ठेवू नका. १/१००० साठी कॅमेरा मोकळ्या आभाळाकडे धरून मागून बघत शटर दाबा. क्षणभर पूर्ण पांढरा आयत दिसायला हवा. एक कड अंधारी राहिली तर पडदा गाठतोय. हे एलईडी दिव्यासमोर करू नका, दिव्याच्या लुकलुकण्याने फसगत होते.

हळू वेग अडकत असतील, म्हणजे १ सेकंद, १/२, १/४ वर शटर उघडून घरघर करत थांबत असेल, तर हळू वेग मोजणाऱ्या दातेरी चाकांतलं ग्रीस घट्ट झालंय. पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात हे सर्वाधिक दिसतं. आधी व्यायाम द्या: प्रत्येक हळू वेगावर तीस-चाळीस वेळा शटर दाबा. सुधारलं आणि आठवडाभर तसंच राहिलं तर रोल भरायला हरकत नाही. दोन दिवसांत पुन्हा अडकलं तर सर्व्हिसिंग लागेल. व्यायामाने ग्रीस सैल होतं, नवं होत नाही.

इथेच बहुतेक लोक डब्ल्यूडी-४० चा डबा आणतात. आणू नका. त्यातला पातळ भाग उडून जातो, तेल मागे राहतं, पात्यांवर पसरतं, धूळ धरतं, आणि जो कॅमेरा साफ करून चालला असता तो पूर्ण उघडावा लागतो. सायकलचं तेल आणि खोबरेल तेल यांनाही हेच लागू. (खोबरेल तेल! पण जुन्या लेन्सच्या फोकस रिंगमध्ये ते सापडतं खरं.)

शटर कोणत्या जातीचं आहे ते ओळखून हात लावा. के१०००, ओएम-१, एसआरटी, झेनिट यांचं शटर रबर लावलेल्या कापडाचं, आडवं धावणारं. त्याला कोणतंही सॉल्व्हंट लावायचं नाही, रबर उखडतं. निकॉन एफएम, एफएम२ आणि यशिका एफएक्स-३ यांचं धातूच्या पात्यांचं, उभं धावणारं. त्या पात्यांवर तेलाचा डाग दिसला तर इअरबडवर लायटर फ्लुइडचा थेंब घेऊन वरचेवर पुसता येतं. दाब मात्र शून्य. पातं एकदा वाकलं की सरळ होत नाही.

मिरर वर जाऊन अडकतोय का ते वेगळं बघा. मिरर ज्या फोमच्या पट्टीवर आपटतो ती चिकट झाली की ती त्याला धरून ठेवते. बोट लावू नका, काडीने पट्टीला स्पर्श करून बघा. काडी चिकटली तर उपाय पुढच्या भागात आहे. एई-१ मध्ये शटर दाबताना खोकल्यासारखा किंवा चिरका आवाज येत असेल तर तो फोमचा नाही. मिररच्या वेगावर लगाम ठेवणारं चाक कोरडं पडलेलं असतं. योग्य जागी सूक्ष्म तेलाचा एक थेंब पुरतो, पण ती जागा आत आहे. हे काम मेकॅनिकचं. आवाजासकट वर्षानुवर्षं वापरत राहिलं तर चाक झिजतं.

काळा डिंक झालेला फोम

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी कॅमेऱ्यांत सील म्हणून पॉलियुरेथेन फोम लावलेला असे. ओल त्याची साखळी तोडते, म्हणून पुण्यातल्या कॅमेऱ्यात तो भुसभुशीत होतो आणि मालवणातल्या कॅमेऱ्यात डांबर. मूळचा फोम कधीच बदलला नसेल तर तपासण्यात वेळ घालवू नका, बदला. दोष सीलचाच आहे याची खात्री हवी असेल तर पुढचा रोल भरल्यावर दाराच्या बिजागरीवर आणि कडांवर काळी इलेक्ट्रिकची टेप लावा. पट्टे गेले तर निदान पक्कं.

लागणारं सामान: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ५० मिली, इअरबड, विझलेल्या अगरबत्त्यांच्या काड्या (टोक तासलं की लाकडी दातकोरणीपेक्षा त्या बऱ्या, लांब असतात आणि धातूला ओरखडा पाडत नाहीत), मागून चिकट असलेला १.५ मिमी जाडीचा काळा फोम, मिररसाठी २ ते ३ मिमीचा मऊ फोम, आणि बारीक काळी लोकर. लोकर खऱ्या मेंढीची नको, ॲक्रिलिकची घ्या. खरी लोकर हवेतून भरपूर ओल शोषते, ॲक्रिलिक फारच कमी.

दार उघडून शटरवर जाड कागदाचा तुकडा ठेवा. तो बाहेरच्या कडांना टेपने धरा, पडद्याला टेकू देऊ नका. कॅमेरा दार खाली येईल असा धरा, म्हणजे चुरा आत न पडता बाहेर पडेल. आधी कोरडा फोम काडीने खरवडून काढा. मग इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून पिळून घ्या, आणि उरलेला डिंक मऊ करून उचला. ओला इअरबड खाचेत घासलात तर काळं पाणी शटरकडे पळतं. तासाभराचं काम आहे, त्यातली पन्नास मिनिटं सफाईची. जुना डिंक राहिला तर नवा फोम महिन्याभरात सुटतो.

वरच्या आणि खालच्या अरुंद खाचांत लोकर नुसती दाबून बसवा, गोंद नको. बिजागरीच्या बाजूला फोमची रुंद पट्टी. दार बंद करताना जोर लावावा लागत असेल तर फोम जाड झालाय, तो बदला. दार दाबून दाबून कुलूप वाकवू नका. मिररच्या फोमलाही हाच नियम: फार जाड लावला तर मिरर पूर्ण वर जात नाही आणि फोटोची एक आडवी कड कापली जाते. निगेटिव्हवर प्रतिमा उलटी असते, हे लक्षात ठेवून कड शोधा.

दोन जागा हातच लावू नये अशा. मिरर पुढच्या पृष्ठावर चांदी चढवलेला असतो, एकदा कापड फिरवलं की ओरखडा कायमचा. आणि त्याच्या वरची फोकसिंग स्क्रीन मऊ प्लास्टिकची असते, अल्कोहोलने पांढरी पडते. दोन्हींवर रबराच्या ब्लोअरची हवा, एवढंच. तिथला कचरा फोटोत येत नाही, मग डोळ्यांना थोडा सहन करा.

ओएम-१ वाल्यांसाठी जादा सूचना: त्यात व्ह्यूफाइंडरच्या प्रिझमभोवतीही फोम आहे आणि तो विरघळताना प्रिझमची चांदी खातो. व्ह्यूफाइंडरमध्ये काळसर रेघा किंवा डाग दिसायला लागले की खाणं सुरू झालेलं असतं. त्याआधीच वरचं झाकण उघडून तो फोम काढून घेतलेला बरा.

मीटर खोटं बोलतोय

बॅटरीच्या खणात निळसर-पांढरी पूड दिसली तर बॅटरी गळली. अल्कलाइन बॅटरीतून गळतो तो क्षार, म्हणून लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा एक थेंब इअरबडवर घेऊन पुसा. मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. संपर्कावरचा काळेपणा पेन्सिलच्या खोडरबराने जातो. पूड खणाच्या खाली वायरपर्यंत गेली असेल तर वायर आतून पोकळ झालेली असते, ती बदलावीच लागते.

एलआर४४ आणि एसआर४४ एकाच आकाराच्या आहेत, पण एक नाहीत. एलआर अल्कलाइन: १.५ व्होल्टपासून सुरू होऊन हळूहळू उतरते, आणि तिच्याबरोबर मीटरही. एसआर सिल्व्हर ऑक्साइड: १.५५ व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवते आणि गळतेही कमी. किंमत जास्त, पण किनाऱ्यावर तीच घ्यावी. पावसाळ्यात कॅमेरा ठेवून देताना बॅटरी काढून ठेवा. के१००० ला मीटरचं बटणच नाही. लेन्सवर झाकण लावलं की मीटर झोपतो, झाकण लावायचं राहिलं तर बॅटरी संपते.

ओएम-१ आणि एसआरटी १०१ यांचा मीटर १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला आहे, आणि ती आता बनत नाही. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली तर मीटर उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि सगळा रोल अंडर, म्हणजे कमी उजेडाचा, येतो. श्रवणयंत्रात वापरतात ती ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास असते, व्होल्टेजच्या दृष्टीने सर्वांत जवळची. पण ती हवेवर चालते आणि आपल्या दमट हवेत पाणी पिऊन लवकर मरते. लावायचीच तर फोटो काढायच्या दिवशी लावा. कायमचा उपाय म्हणजे व्होल्टेज उतरवणारा डायोड बसवलेला ॲडॅप्टर आणि त्यात सिल्व्हर ऑक्साइड.

झेनिट-ई चा सेलेनियम मीटर बॅटरी मागत नाही, पण मेलेला सेल जिवंत होत नाही. त्याचं दुःख करू नये. शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका धरा, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००, आणि कडक उन्हात एफ/१६. वाळू आणि पाणी लखलखत असेल तर एफ/२२. हलकं मळभ एफ/८, दाट पावसाळी आभाळ एफ/५.६, नारळी-पोफळीच्या बागेतली सावली एफ/४ किंवा त्याहून एक स्टॉप उघडं. निगेटिव्ह फिल्मला शंका आली तर जास्त उजेड द्या, कमी नको.

बुरशी

लेन्स कॅमेऱ्यापासून काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. फांद्या फुटलेले धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा धुरकटपणा म्हणजे ग्रीसची वाफ काचेवर बसलेली. कडेपासून आत येणारा इंद्रधनुषी डाग म्हणजे दोन चिकटवलेल्या काचा सुटतायत. त्याला घरगुती उपाय नाही. चार-दोन धुळीचे कण तर प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्यांच्यासाठी लेन्स उघडणं हा शुद्ध वेडेपणा.

बुरशी बाहेरच्या काचेवर किंवा सहज निघणाऱ्या मागच्या भागात असेल तर साफ होते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पातळ अमोनिया समप्रमाणात, दोन्ही पाच-पाच मिली, वापरायच्या वेळी मिसळा. पेरॉक्साइडच्या बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर आधी तितकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. मिश्रण बंद बाटलीत साठवू नका, वायू धरतो. ब्लीचजवळ तर अमोनिया नेऊच नका. खिडक्या उघड्या ठेवा. लेन्स टिश्यू ओला करून काचेवर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा, काच बुडवू नका. मग मध्यापासून कडेकडे पुसा आणि शेवटचा हात अल्कोहोलचा. जुन्या लेन्सचं कोटिंग नाजूक असतं, म्हणून आधी कडेला बारीक जागेवर करून बघा.

धागे गेले आणि त्यांच्या जागी फिकट रेघा राहिल्या तर बुरशीच्या आम्लाने कोटिंग किंवा काच खाल्लेली आहे. ते परत येत नाही. अशी लेन्स टाकू नका. पाठीमागून ऊन असताना फरक कळतही नाही, समोर सूर्य असला की फोटो धुवट येतो. हूड लावा. मागच्या काचेवरची खूण पुढच्या काचेवरच्या खुणेपेक्षा जास्त त्रास देते, हे विकत घेताना लक्षात ठेवा. व्ह्यूफाइंडरमधली बुरशी फोटोत येत नाही.

उन्हात लेन्स ठेवून बुरशी मरते, ही अर्धी गोष्ट झाली. वाढ थांबते, धागे तिथेच राहतात, आणि तापलेलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. एक दुखणं जाऊन दुसरं.

पुन्हा पुन्हा का होतं: ठेवण्याची जागा

वरचं सगळं केलं आणि कॅमेरा परत त्याच कपाटात ठेवला तर पुढच्या वर्षी सगळं पुन्हा करायचं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, तिला टेकलेलं कपाट आतून घराबाहेरच्या पडवीइतकंच दमट असतं. कौलांखालचा माळा तर मे महिन्यात भट्टी आणि जुलैत ओलसर.

बुरशीला साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि अंधार मिळाला की ती वाढते. कॅमेऱ्यासाठी ४० ते ५० टक्के ठीक. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि ग्रीस कोरडं पडतं. रबरी सीलचा, चार बाजूंनी कडी लागणारा १० ते १२ लिटरचा हवाबंद डबा, १५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक डिजिटल आर्द्रतामापक, एवढ्यात दोन बॉडी आणि तीन लेन्स सुखात राहतात.

आता हिशेब बघा. ३० अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेला १२ लिटर हवेत पाण्याची वाफ असते जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. १५० ग्रॅम सिलिका जेल ४०-५० टक्के आर्द्रतेलाही आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतकं, म्हणजे ३० ग्रॅम पाणी धरू शकतं. तरीही जेल आठवड्यात ओलं होत असेल तर पाणी हवेतून येत नाहीये. ते येतंय कॅमेऱ्याबरोबर डब्यात ठेवलेल्या चामड्याच्या कव्हरातून, कापडी पट्ट्यातून, पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यातून. चामडं दमट हवेत आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी सहज धरतं, आणि वर बुरशीचं आवडतं खाद्यही तेच. ते तपकिरी कव्हर कितीही देखणं असलं तरी डब्याबाहेर ठेवा. पावसाळ्यात वारंवार परतणाऱ्या बुरशीचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

आर्द्रतामापक खरं सांगतोय का ते तपासायला बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात ओलसर चिखल होईल इतकंच पाणी घाला. ते झाकण आणि मापक छोट्या हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ८० दिसले तर तुमचा मापक ५ जास्त दाखवतो, तेवढे वजा करत चला.

जेल सुकवायला ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर पातळ थरात दोन तास, किंवा मंद आचेवर वेगळ्या कढईत हलवत. रंग बदलणारं जेल घ्यायचं तर नारिंगी. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात नको. तांदूळ या कामाला निरुपयोगी, त्याचं पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्यांची वाफ काचेवर बसते.

कपाटात बल्ब लावण्याची जुनी युक्ती कितपत चालते? २८ अंशांच्या ८५ टक्के दमट हवेला ५ अंश तापवलं तर आर्द्रता ६५ च्या आसपास येते, ५० पर्यंत उतरवायला १० अंश तापवावं लागतं. ३८ अंशांत ग्रीस आणि फिल्म दोघांनाही त्रास. शिवाय एलईडी बल्ब पुरेशी उष्णता देत नाही. विजेवरचं ड्राय कॅबिनेट उत्तम, फक्त पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस जाणाऱ्या गावात त्याच्या खालच्या खणात जेलची पिशवी पडू द्या.

डब्यात ठेवलेला कॅमेरा विसरू नका. महिन्यातून एकदा काढा, प्रत्येक वेगावर पाच-सहा वेळा शटर दाबा, फोकस आणि ॲपर्चरची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, आणि शटर ताणलेलं न ठेवता परत ठेवा.

बाहेर नेताना

एसीच्या खोलीतून थेट बाहेर कॅमेरा काढला की तो घामाघूम होतो. बाहेर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर २८ अंशांपेक्षा थंड कोणत्याही वस्तूवर दव पडतं, आणि तुमची खोली २४ वर असते. बाहेरचं दव पुसता येतं, शटरवरचं आणि प्रिझमवरचं नाही. कॅमेरा खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर आणून पाऊण तास तसाच ठेवा, मग पिशवी उघडा. फ्रिजमधल्या रोललाही हेच: डबी तासभर बाहेर ठेवून मगच उघडायची.

बीचवरून आल्यावर कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने आधी बॉडी, मग लेन्सची नळी पुसा, नंतर कोरडं कापड, आणि पंख्याखाली अर्धा तास. फिल्टर लेन्सवर कायम ठेवा, पण त्याचा धागा महिन्यातून एकदा सैल करा, मीठ बसलं की तो निघत नाही.

शिमग्यात पालखी नाचवतानाचा गुलाल वाळूपेक्षा वाईट, कारण तो लिव्हरच्या फटीतून आत जातो. कॅमेऱ्याला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा, आणि रोल बदलायचा असेल तर देवळाच्या आवारातून बाहेर या.

समुद्रात पडलेला कॅमेरा ही वेगळी गोष्ट. बॅटरी ताबडतोब काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. के१००० ची बॉडी वाचूही शकते, एई-१ ची शक्यता फार कमी.

मेकॅनिककडे देताना

पडदे गाठणं, हळू वेग परत परत अडकणं, आतल्या काचेची बुरशी, प्रिझमचा फोम, ही कामं द्यावीत. नुसतं "कॅमेरा बिघडलाय" म्हणून देऊ नका. कागदावर लिहा: कोणत्या वेगाला काय होतं, मोबाइलवर किती फ्रेम मोजल्या, बॅटरी कोणती घातली होती, आधी काय तेल किंवा सॉल्व्हंट लावलं होतं. लाजायचं कारण नाही, त्याला ते उघडल्यावर कळणारच असतं. कागदाबरोबर बिघाड दिसणारी निगेटिव्हची पट्टी द्या आणि परत घेताना त्याच वेगांवर, त्याच्यासमोर, तीच तपासणी करून बघा.